मागच्या सीटचं माप

रविवारी सकाळी साडेदहा वाजता मधल्याची नवी मोटरसायकल पहिलं सर्व्हिसिंग होऊन घरी परत आली. तेल बदललेलं होतं, साखळी ताणून घेतलेली होती, मागच्या सीटच्या जागी बसवलेलं प्लास्टिकचं कुबड मात्र जागच्या जागी होतं. अंगणात घरातली चार माणसं उभी होती. गाडीचे हजार किलोमीटर पुरे झाले आणि आजपासून तिच्यावर मागे बसायला हरकत नाही, हे चौघांनाही ठाऊक होतं.

अट मधल्यानेच घातली होती. गाडी आणली त्या दिवशी त्याने माहितीपुस्तिका उघडून सगळ्यांना ऐकवलं होतं. इंजिन नवं आहे, आतले भाग अजून एकमेकांच्या अंगवळणी पडायचे आहेत, तोवर फार पळवायचं नाही आणि फार ओझं घालायचं नाही. म्हणजे डबल सीट बंद.

"नव्या सुनेसारखं आहे म्हण की," त्याचा भाऊ, थोरला, म्हणाला होता. "आल्या आल्या कामाला जुंपायचं नाही."

"मला कुठे दिले होते हजार किलोमीटर?" त्याच्या बायकोने, मोठीने, विचारलं होतं. त्यावर सासूबाईसुद्धा हसल्या होत्या.

मधल्याची बायको, मधली, तेवढी हसली नव्हती. तिने आकडा मनात धरला होता. मधला रोज सकाळी किल्ली फिरवायचा, काचेवर आकडे उजळायचे, आणि नेमकं त्याच वेळी तिचं काहीतरी काम अंगणात निघायचं. कधी फडकं वाळत घालायचं असे, कधी वाळलेलं फडकं काढायचं असे. आकडा हळूहळू चढत होता. इतक्या सावकाश चढणारी गोष्ट तिने यापूर्वी एकच पाहिली होती, आणि ती म्हणजे मुलीची उंची.

घराखालीच कारखाना होता. सासऱ्यांनी तो एका टेबलावर सुरू केला होता. आता तिथे दोन टेबलं, तीन मशिनं आणि भिंतभर फळ्या होत्या. काम एकच, गाड्यांच्या सीटा. कंपनीची सीट सगळ्यांसाठी एकसारखी येते आणि माणसं एकसारखी नसतात, एवढ्या एका गोष्टीवर हे घर चाललं होतं. थोरला फोम कापायचा. मधला ठसे घ्यायचा. कोपऱ्यात लाकडी घोडा होता, त्यावर ओल्या प्लॅस्टरची पिशवी ठेवायची, गिऱ्हाइकाला त्यावर गाडीवर बसतात तसं बसवायचं आणि प्लॅस्टर धरेपर्यंत हलू द्यायचं नाही. पिशवी फाडली की माणसाची बैठक पांढरी होऊन हातात यायची. असे ठसे फळ्यांवर रांगेने मांडलेले होते. ठशावरून थोरला फोम कोरायचा, मधली रेक्झिन शिवायची, मोठी गिऱ्हाइकांची समजूत काढायची आणि सासूबाई दाराशी खुर्ची टाकून जुन्या सीटांमधल्या स्टेपल पकडीने उपटत बसायच्या. त्या कामात त्यांना विलक्षण समाधान मिळायचं.

मधलीने या कारखान्यात मागे बसणाऱ्यांसाठी किती सीटा शिवल्या, याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. नवऱ्याच्या मागे ती मात्र कधीच बसली नव्हती. लग्न झालं तेव्हा घरात एक स्कूटर होती आणि तिच्या मागच्या सीटवर कायम सीटांचाच गठ्ठा असायचा. "एकदा धरणावर नेतो तुला," मधला पहिल्या वर्षी म्हणाला होता. "भिंतीवरून रस्ता जातो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली सगळं गाव." पुढे ती धरणावर गेली ती भाड्याच्या गाडीतून, थोरल्याच्या मेव्हण्याच्या लग्नाला जाताना. रस्ता तसाच होता. तिची जागा खिडकीची नव्हती.

आणि आता चोपन्नाव्या वर्षी त्याने ही गाडी आणली होती. गडद निळी, पुढे झुकलेली, मागून उचललेली, शर्यतीच्या रेघेवर ओणवा झालेल्या पळणाऱ्यासारखी. घरात त्याने कारण दिलं ते धंद्याचं. हल्ली पोरं याच गाड्या घेतात, अंग आखडून आपल्याकडे येतात, तेव्हा नमुन्याला एक गाडी हवीच. थोरल्याने ते मान्य केलं होतं. मधलीने मान्य केल्यासारखं दाखवलं होतं. नमुन्याला गाडी हवी तर माणूस एखाद्या मित्राची चार दिवस मागून आणतो. तिने आपल्या मनाशी वेगळा हिशोब मांडला होता आणि त्यात धरण होतं.

चहा कापणीच्या टेबलावरच झाला. रविवारी तिथेच बसायची पद्धत होती.

"झाली का परीक्षा तुझ्या बाईची?" सासूबाईंनी विचारलं. "आणि तू असा वाकून का बसतोस तिच्यावर? लांबून वाटतं, पोटात कळ आलीय."

"तशीच बैठक असते आई."

"दुखत नाही?"

"दुखतं की. मनगटं दुखतात, मान दुखते. सिग्नलला उभं राहिलं की पायांवर गरम वाफ येते, चुलीपाशी बसल्यासारखी. आरशात मागचा रस्ता दिसतच नाही, स्वतःची कोपरं दिसतात. आपल्या गल्लीतला गतिरोधक तर रोज पोटाला घासतो."

"म्हणजे पैसे मोजून दुखणं आणलंस," थोरला म्हणाला.

"गावात दुखणंच आहे. पहिल्या गिअरमध्ये ती नुसती धुसफुसत असते." मधल्याने कप फिरवला. "पण गाव सुटलं, रस्ता मोकळा झाला की..."

तो थांबला. सगळे थांबले.

"की काय?" मोठीने विचारलं.

"की काही नाही वहिनी. सांगता येत नाही. वळण आलं की ती आधीच वळलेली असते. आपण फक्त बघायचं, जिकडे बघू तिकडे जाते. मला वाटलं होतं भीती वाटेल. भीती वाटते ती परत गावात शिरताना."

थोरल्याने बिस्किट चहात बुडवलं आणि काढायला विसरला. मधली नवऱ्याकडे पाहत होती. हा माणूस घरात एवढी वाक्यं एका दमात बोलत नसे. त्याच्या आवाजात काहीतरी होतं, आणि ते तिच्यासाठी असावं असं तिला फार वाटलं.

"ते जाऊ दे," मोठी म्हणाली. "पहिला नंबर कुणाचा ते सांगा भावोजी."

"वयाने मी मोठी," सासूबाई म्हणाल्या. "मी बसते. चौकापर्यंत नेऊन आण. पडले तरी आता काय बिघडतंय."

"आई, तुम्ही पडाल आणि शिव्या आम्हाला द्याल. हिला बसवा." मोठीने मधलीच्या खांद्यावर हात ठेवला. "महिनाभर मीटर बघून येते ही. फडकं वाळत घालायच्या नावाखाली. मला काय दिसत नाही?"

"काहीतरीच काय ताई," मधली म्हणाली.

"कालचा आकडा सांग बरं."

मधलीने आकडा सांगितला नाही. तो तिला येत होता.

मधल्याने थोरल्याकडे पाहिलं. दोघा भावांमध्ये काहीतरी ठरलेलं होतं, हे त्या पाहण्यावरूनच कळलं. "दादा, आण," मधला म्हणाला. थोरला उठला, फोमच्या कपाटामागे हात घालून कापडी पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. त्यात मागची सीट होती. कंपनीची येते तशी वहीएवढी, दगडासारखी टणक सीट नव्हती. तिच्या पत्र्यावर नवा फोम चढवून, कोरून, वर काळं रेक्झिन ओढलं होतं. कडेला निळी पायपिंग होती, गाडीच्या रंगाची.

"कधी केलीत ही?" मोठीने नवऱ्याला विचारलं. "आणि मला पत्ता नाही?"

"तुम्ही दोघी बाजारात जायचात तेव्हा," थोरला म्हणाला.

मधलीने पायपिंगवरून बोट फिरवलं. डाव्या कोपऱ्यात शिवण चुकून परत मागे आली होती. "ही शिलाई माझी नाही," ती म्हणाली.

"माझी आहे," थोरला म्हणाला. "हसू नकोस. तुझ्या मशिनची सुई मोडली ती मीच. उंदराने मोडली असं सांगितलं होतं."

"उंदराने सुई मोडली यावर मी विश्वास ठेवला नव्हता दादा."

मग तीही हसली. तिच्या कारखान्यात, तिच्या मशिनवर, तिच्या नकळत ही सीट शिवली गेली होती, आणि असं एखाद्या माणसाच्या नकळत कुणासाठी शिवतात ते काय तिला सांगायला हवं होतं? मधल्याने अंगणात जाऊन कुबड उतरवलं, सीट बसवली, खटका वाजला. गाडी एका बाजूला कलंडून उभी होती. "थांब, धरतो," तो म्हणाला आणि त्याने हँडल सरळ धरलं.

त्याने 'थांब' म्हटलं होतं, 'बस' म्हटलं नव्हतं. हे तिच्या नंतर लक्षात आलं. तिने साडीचा पदर खोचला, पायरीवर पाय दिला आणि ती बसली.

जागा उंच होती. अंगणाच्या भिंतीपलीकडचा रस्ता तिथून दिसत होता, बेकरीचं छप्पर दिसत होतं. तिने एवढंच पाहिलं आणि मग तिच्या शरीराने काम सुरू केलं, कारण या घरात माणूस सीटवर नुसता बसत नाही. डावी मांडी आत गेली. खळगा खोल होता, गरजेपेक्षा खोल. उजवी बाजू वर राहिली, टेकलीच नाही. फोम चांगला कोरलेला होता, दादाचा हात त्यात स्पष्ट कळत होता. पण तो दुसऱ्या कुणासाठी कोरलेला होता. डावीकडे भार टाकून बसणाऱ्या माणसासाठी. लहानपणी कारखान्याच्या माळ्यावरून पडून जिचा उजवा पाय मोडला होता आणि तेव्हापासून जी जेवायलासुद्धा डावीकडे झुकून बसायची, तिच्यासाठी.

ती तशीच बसून राहिली.

"काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"हे माझं माप नाही," मधली म्हणाली.

मोठी आत गेली. फळीवर वरून दुसऱ्या ओळीत एक जागा रिकामी होती आणि तिथली धूळ ठशाच्या आकाराची होती. ती बाहेर आली तेव्हा तिने नवऱ्याकडे जे पाहिलं ते थोरल्याला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. "बारकीचा ठसा," ती म्हणाली.

बारकी मधल्याची एकुलती एक मुलगी. नाव तसंच राहिलं होतं, वास्तविक ती बापापेक्षा बोटभर उंच होती. चारशे किलोमीटरवरच्या एका गावात ती टायर करणाऱ्या कंपनीत कामाला होती. कंपनीच्या आवारातल्या रस्त्यावर दिवसभर मोटरसायकल चालवायची आणि टायर कुठे घसरतो ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. तीन वर्षं ती घरी आली नव्हती. आईशी बोलायची, काकाशी बोलायची. फोन मधल्याने उचलला तर एवढंच म्हणायची, "आईला द्या."

"तिच्यासाठीच केलीय," मधला म्हणाला. हँडल त्याने अजून धरलेलंच होतं. "उद्या निघतो. याच गाडीवर. तिला घेऊन येतो."

"कसं?" मधलीने विचारलं.

"कसं म्हणजे? मागे बसवून."

मधली खाली उतरली. पदर सोडला, नीट केला. तिचं धरण कुठल्या कुठे गेलं होतं, त्याचं दुःख करायलाही तिला सवड झाली नाही, इतकं दुसरं काहीतरी समोर येऊन उभं राहिलं होतं. "मागे बसवून," ती म्हणाली.

मधल्याला ऐकू आलं नाही. म्हणजे शब्द ऐकू आले, त्यांचा अर्थ पोचला नाही. आधी मोठीला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. मग सासूबाईंनी हातातली पकड मांडीवर ठेवली.

"अरे, तू त्या दिवशी तिला काय म्हणाला होतास?"

"आई, ते आता कशाला?"

"मी विचारते म्हणून."

सगळ्यांना पाठ होतं. तीन वर्षांपूर्वीचा असाच रविवार, हेच कापणीचं टेबल. बारकीने सांगितलं होतं की तिला ती नोकरी मिळाली. आणि मधला, जो कधी आवाज चढवत नसे, त्याने आवाज न चढवताच म्हटलं होतं, "आधी मागे बसायला शीक, मग हँडल धर." ताट अर्धं टाकून ती उठली होती. बॅग भरायला तिला फार वेळ लागला नव्हता.

"तिला काय खुपलं होतं?" सासूबाई म्हणाल्या. "नोकरीला नाही म्हणालास ते? तिच्या आजोबांनी मलाही पुष्कळदा नाही म्हटलं, मी कुठे घर सोडलं?"

"आई, माप अगदी बरोबर घेतलंय आम्ही," थोरला मध्ये पडला. त्याच्या कामावर बोट ठेवलं जातंय असं त्याला वाटलं. "तिच्याच ठशावरून. सुईएवढा फरक नाही."

"माप नाही चुकलं दादा," मधली म्हणाली. "जागा चुकली."

थोरल्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने टोपी काढली आणि परत घातली.

"तुम्हीही होतात यात," मोठी त्याला म्हणाली. "दोन दोन शहाणी माणसं. चोरून शिवली, सुई मोडली, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की पोरगी कुठल्या शब्दावरून गेली."

"आम्ही सीट करणारी माणसं," थोरला पुटपुटला. "कुणाला काही द्यायचं म्हटलं की सीटच सुचते."

"गाडी माझी आहे," मधला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मी पुढे बसणार नाही तर काय करणार? तीन वर्षांनी जातोय, रिकाम्या हाताने जाऊ? तुम्ही सगळे तिच्याशी बोलता. मला ती 'आईला द्या' म्हणते. मी काय करायचं ते तरी सांगा."

मोठी टेबलावरचे कप उचलायला आत वळली. थोरला तिच्या पाठोपाठ आत गेला, आणि आईला हात देऊन घेऊन गेला. या घरात भांडण कुणाचं आहे ते सगळ्यांना कळे आणि तेवढ्यांना अंगण मोकळं करून दिलं जाई.

मधला गाडीवर बसला. किल्ली लावलेली नव्हती. त्याने दोन्ही हात हँडलवर ठेवले, सवयीने वाकला आणि मग सरळ झाला.

"खरं सांगा," मधली म्हणाली. "नमुन्याला घेतली नव्हती ना?"

"नाही."

"मग?"

"तिला त्यात काय मिळतं ते बघायचं होतं. मी तिला नाही म्हटलं तेव्हा मी आयुष्यात अशी गाडी एकदाही चालवली नव्हती. सीटा केल्या नुसत्या."

"बघितलंत?"

"बघितलं. हजार किलोमीटर." तो टाकीवरची धूळ बोटाने पुसत राहिला. "परवा घाटाच्या रस्त्याला गेलो होतो. एका वळणावर असं वाटलं की आता बारकी इथे असती तर काय म्हणाली असती. मग वाटलं, मागे असती तर काहीच म्हणाली नसती. मागून काय दिसतं? माझी पाठ."

मधली एक पाऊल जवळ आली.

"हे मला परवाच कळलं होतं बघ," तो म्हणाला. "आणि तरी कालपर्यंत मी पायपिंगचा रंग निवडत होतो."

"मला वाटलं होतं माझ्यासाठी घेतलीत," मधली म्हणाली.

तिने ते तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. दुकानात एखादी वस्तू हातात घेऊन परत जागेवर ठेवावी तसं म्हटलं. मधल्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरून ओळीने पुष्कळ गोष्टी गेल्या, आणि त्यात धरणाचा रस्ताही होता, हे तिने पाहिलं. विसरला नव्हता तर. तेवढं पुरे होतं असं नाही, पण तेवढं होतं.

"पुढची सीट काढा," ती म्हणाली.

"अं?"

"काढा म्हणते. दादा, चाकू आणा."

थोरला दाराआडच असावा, लगेच आला. त्याने आधी सगळ्या बाजूंनी नाही म्हणून पाहिलं. पुढचा पत्रा वेगळा, टाकीपाशी फोम निमुळता लागतो, बारकीचा ठसा तर घोड्यावर ताठ बसून घेतलेला, वाकून बसल्यावर भार सरकतो. शिवाय तो ठसा तिच्या एकोणिसाव्या वर्षाचा. "आता ती तेवढीच असेल कशावरून?"

"कंबर वाढली असेल, बसायची खोड बदलली नसेल," मधली म्हणाली. "मागून दोन बोटं सैल ठेवा."

"आणि चालवत जाणार कोण? हा ना? याला ही सीट जन्मात बसणार नाही. चारशे किलोमीटर."

"नाही बसणार," मधला म्हणाला. त्याने खटका उघडून सीट काढलीच होती. "कापून टाक दादा."

मोठीनेच तो प्रश्न विचारला, जो मघापासून टेबलावर होता. "पुढे ती. मग मागे कोण?"

सगळ्यांनी मधल्याकडे पाहिलं.

इतकी वर्षं गावाचे ठसे घेणाऱ्याचा स्वतःचा ठसा फळीवर नव्हता. मधलीने प्लॅस्टर कालवलं, पिशवीत भरलं, पिशवी घोड्यावर ठेवली. तो बसला आणि सवयीने हात पुढे नेले.

"हात खाली," ती म्हणाली. "मागे बसणाऱ्याच्या पुढे हँडल नसतं."

"मग धरू कुठे?"

"मागे बसणारे कुठे धरतात? आम्हाला काय माहीत, आम्ही कधी बसलो?"

मोठी फस्सकन हसली. सासूबाईंनी तिला कोपर मारलं, आणि मग त्याही हसल्या. "हलू नकोस," त्या मुलाला म्हणाल्या. "चुलत्याच्या लग्नात फोटोला असाच हलला होतास, अजून धुरकट दिसतोस."

मधला हलला नाही. प्लॅस्टर धरत आलं तसं ते गरम झालं, तसं होतंच, आणि तो म्हणाला, "हे भाजतं का गं गिऱ्हाइकांना?" इतक्या वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"परत आल्यावर तुझंही माप घेऊ," तो थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाला.

"गाडी परत येणार असेल तर कशाला चाललात?"

गाडी तिथेच ठेवून यायची, हे त्याने स्वतःशीसुद्धा अजून बोललेलं नव्हतं. बायकोने ते बोलून टाकलं होतं.

दोन्ही सीटा संध्याकाळी तयार झाल्या. थोरल्याने कोरलं, मधलीने शिवलं, निळी पायपिंग उसवून तिने पुढच्या सीटला लावली आणि या वेळी शिवण कोपऱ्यात सरळ वळली. मोठीने पुढच्या सीटचा फोटो काढून बारकीला पाठवला. खाली काय लिहावं यावर दोघी जावांचा थोडा वाद झाला आणि शेवटी काहीच लिहिलं नाही. डाव्या बाजूचा खळगा फोटोत दिसत होता. वाचता येणाऱ्याला तेवढं पुरे होतं.

बारकीने फोटो पाहिल्याची खूण जेवायच्या आधीच उमटली. उत्तर आलं नाही.

सोमवारी सकाळी मधल्याने गाडी अंगणातून रस्त्यावर काढली. रस्ता मोकळा होता. तो पुढच्या सीटवर बसला आणि बसताच डावीकडे तिरका झाला. ते पाहून थोरल्याने तोंड फिरवलं.

"चल," मधला बायकोला म्हणाला. "बेकरीपर्यंत तरी चल. चालत परत ये. बस मागे."

मधलीने मागची सीट पाहिली. तिच्याच हातची शिलाई, रुंद, त्याच्या मापाची. तिने तळहात त्यावर ठेवला आणि काढून घेतला.

"सोल्युशन ओलं आहे अजून," ती म्हणाली. "दुपारपर्यंत भार नको."

रेक्झिन चिकटवायचं सोल्युशन तासाभरात धरतं. त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, सासूबाईंनासुद्धा. मधल्याने मान हलवली, किल्ली फिरवली, काचेवर आकडे उजळले. तिने या वेळी पाहिले नाहीत.

दुपारी दीडला त्याचा फोन आला. पेट्रोल भरायला थांबला होता. डावी मांडी बधिर झाली आहे आणि कमरेचं काही खरं नाही, असं म्हणाला. "पण गाडी छान चालते," म्हणाला. "आता तिला कुणी अडवत नाही ना, हवी तेवढी पळते. मीच थांबतो अधूनमधून."

पाच वाजता मोठीने दाखवलं की फोटोखाली बारकी काहीतरी लिहिते आहे. दोघी मशिनपाशी उभ्या राहून त्या तीन ठिपक्यांकडे पाहत राहिल्या. ठिपके गेले. पुन्हा आले. पुन्हा गेले.

साडेपाचला दुसरा फोन आला. तो तिच्या कंपनीच्या फाटकाबाहेर पोचला होता. पाळी सहाला सुटते, असं पहारेकऱ्याने सांगितलं होतं.

"गाडी कुठे लावलीत?" मधलीने विचारलं.

"फाटकासमोरच. बाहेर येणाऱ्याला दिसेल अशी. किल्ली लावूनच ठेवलीय."

"आणि तुम्ही कुठे आहात?"

पलीकडे वारा सुटला होता.

"मागे बसलोय," तो म्हणाला. "सोल्युशन वाळलंय."

"नीट बसतं?"

"बसतं. माप बरोबर आहे." मग म्हणाला, "इथून काहीच दिसत नाही गं समोरचं."

"ठेवा आता," ती म्हणाली. "फोन कानाला लावून बसू नका. ती येईल तेव्हा हात मोकळे असू देत."

सहाला कारखाना बंद करायची वेळ झाली. थोरल्याने चाकू पुसून ठेवला, पण दिवा मालवला नाही. सासूबाईंनी आणखी एक जुनी सीट मांडीवर ओढून घेतली. मधलीने मशिनवर रेक्झिनचा तुकडा लावला, दोन बोटं शिवण घातली आणि ती पाय थांबवून बसली. फोन टेबलावर, चाकूशेजारी, उताणा होता.

साडेसहापर्यंत तो वाजला नव्हता.